जुन्या बागेत राहायला आलात? आधी कोयता टांगून ठेवा

सहा वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातला फ्लॅट सोडून नाशिकला आलो. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आत्येसासूबाईंचा जुना बंगला होता. घर लहान, बाग मोठी. दोन रायवळ आंबे, एक उंबर, चिंच, सीताफळांची रांग, पेरू, मागच्या दाराशी कढीपत्ता, कुंपणाला घाणेरीचं रान आणि भिंतीला टेकलेला अर्धा वाळलेला पांगारा. दोन वर्षं घर बंद होतं, त्यामुळे पाचोळा घोट्यापर्यंत साचलेला.

पहिल्याच रविवारी मी दोन माणसं लावून बाग ‘साफ’ करून घेतली. पाचोळा पेटवला, घाणेरी मुळासकट उपटली, पांगाऱ्याची वाळकी फांदी उतरवली. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, “अगं, त्या फांदीत तांबटाचं बिऱ्हाड असायचं. विचारायचं तरी!” ओंडका उलटून पाहिला, तर कंपासनं आखल्यासारखं गोल भोक. नोव्हेंबर होता म्हणून आत पिल्लं नव्हती. पण तांबट पक्षी अशा ढोलीत एरवीही रात्री मुक्कामाला येतो, हे मला फार नंतर कळलं.

पुढचे तीन-चार महिने बाग मुकी होती. माझं झालं ते तुमचं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. शरणपूर रोड, कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्या, देवळाली कॅम्प, नाशिकरोडच्या जुन्या वसाहती, कुठेही तीस-चाळीस वर्षांची झाडं असलेल्या घरात किंवा सोसायटीत तुम्ही नवे असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. मोगलाईत या गावाला गुलशनाबाद म्हणत आणि पंचवटीचं नाव तर पाच वडांवरून पडलेलं. त्यातलं जे काही उरलंय ते आता अशा आवारांमध्येच जास्त सापडतं.

जवळ काय असावं

- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पेनची शाई पावसाळ्यात पसरते.
- दुर्बीण, ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुकानदार १२ पटीची किंवा २० पटीची गळ्यात मारू बघतो. ती हातात इतकी हलते की पक्षी दिसण्याऐवजी चक्कर येते.
- फोनमध्ये पक्षी ओळखायला मर्लिन आणि नोंदी टाकायला ई-बर्ड ही दोन ॲप. दोन्ही फुकट आहेत.
- कुंभाराकडची दोन उथळ परळं.
- टॉर्च, तोंडाला लाल जिलेटीन लावून.
- लांब बांबू, टोकाला आकडी असलेला.
- झाकणाचा बुटाचा खोका, भोकं पाडून ठेवलेला.
- फ्रिजवर चिकटवलेले नंबर: वनविभागाची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८ आणि तुमच्या भागातल्या एका अनुभवी सर्पमित्राचा.

दुर्बीण लगेच नसली तरी चालेल. माझं पहिलं वर्ष तिच्याशिवायच गेलं.

१. पहिले पंधरा दिवस फक्त बसा

खरंच काही करू नका. माळ्याला सुट्टी द्या. रोज सूर्योदयाच्या सुमारास अर्धा तास आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अर्धा तास, एकाच खुर्चीवर, एकाच जागी बसा. फिरत राहिलात तर पक्षी तुमच्या पुढे पुढे सरकतात आणि तुम्हाला फक्त हलणारी पानं दिसतात. एका जागी बसलात की चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या हिशेबात तुम्ही म्हणजे ओट्यावरचं एक सामान. मग शिंपी पक्षी दोन हातांवर येऊन टुणटुणतो.

इथला पहिला सापळा म्हणजे फोनचा कॅमेरा. फोटोच्या मागे धावलात की पक्षी उडतो, फोटोत काळा ठिपका येतो आणि तो ‘ओळखा पाहू’ म्हणून घरच्या ग्रुपवर फिरतो. सहा महिने फोटो काढला नाहीत तर काहीही अडत नाही.

२. झाडांची हजेरी घ्या

वहीच्या पहिल्या पानावर आवाराचा ओबडधोबड नकाशा काढा आणि प्रत्येक झाड मांडा. मग प्रत्येकासमोर लिहा: फळ, फूल, ढोली, नुसती सावली, की काहीच नाही. झाडं कळली की कोण येणार याचा अर्धा अंदाज तिथेच लागतो.

तुमच्याकडे उंबर असेल तर तुम्ही श्रीमंत आहात. ‘उंबराचं फूल’ आपण दुर्मीळ माणसाला म्हणतो, पण फुलं त्या फळाच्या आतच दडलेली असतात आणि इवल्याशा गांधीलमाश्या आत शिरून परागीकरण करतात. फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लगडतात, तीही वर्षातून अनेकदा. त्यामुळे बाकी बाग रिकामी असली तरी उंबरावर पंगत असते: तांबट, बुलबुल, साळुंक्या, कोकिळा, रात्री वटवाघळं. नशीब असेल तर हरियाल. हा हिरवा-पिवळा कबुतरासारखा पक्षी महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पण पानांत इतका बेमालूम मिसळतो की वीस बसलेले असले तरी एकही दिसत नाही. मला ते पहिल्यांदा कळले ते वरून उंबरं टपटप पडायला लागली तेव्हा. वारा नव्हता.

पांगारा आणि काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, तेव्हा पानं जवळजवळ नसतात. म्हणजे नवख्याला पक्षी बघायला याहून सोपी जागा नाही. आंब्याच्या जुन्या खोडात ढोल्या असतात, तिथे पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी राहते. दुपारी ढोलीच्या तोंडाशी दोन गोल डोळे दिसले तर दचकू नका. तुमच्याकडे बघून ती मान वरखाली करतील, तीच त्यांची ओळख.

लिंबू, कढीपत्ता, बेल यांच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या सापडतील. त्या मारू नका. त्यातूनच मोठी देखणी फुलपाखरं निघतात. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली जाहीर झालेला निलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतो. माझा एक कढीपत्ता दर पावसाळ्यात निम्मा बोडका होतो. फोडणीला उरलेला निम्मा पुरतो.

घाणेरीबद्दल मात्र सरसकट सल्ला देता येत नाही. ती बाहेरून आलेली, माजणारी वनस्पती आहे. रानात तिने धुमाकूळ घातलाय हे खरं. पण तुमच्या कुंपणाला दुसरी झुडपंच नसतील, तर बुलबुल आणि शिंपी तिच्याच आडोशाला घरटी करत असणार. मी ती एका दिवसात उपटली, ही चूक. आधी करवंद, अडुळसा, जास्वंद, मेंदी असं काही लावा, ते कमरेएवढं होऊ द्या, मग घाणेरी तुकड्यातुकड्याने काढा.

आणि पाचोळा जाळू नका. शहरात तसं करायला मनाई आहेच, शिवाय सातभाईंचं आणि दयाळाचं सगळं जेवण त्याखाली असतं. एका कोपऱ्यात ढीग करा, दर पावसाळ्यानंतर खालून काळं खत काढा.

३. डोळ्यांआधी कान

दाट झाडीत दहा पक्ष्यांपैकी आठ आधी ऐकू येतात. म्हणून सुरुवात आवाजापासून. आणि सुरुवातीला आठ-दहाच.

‘टुक, टुक, टुक’ असा एकसुरी, तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज तांबटाचा. ऊन तापलं की तो थांबतच नाही. कपाळ आणि छाती लाल, डोळ्याभोवती पिवळं, बाकी हिरवा, चिमणीपेक्षा किंचित दणकट. खोल विहिरीतून आल्यासारखा ‘कूप कूप कूप’ भारद्वाजाचा. काळं अंग, वीटकरी पंख, लाल डोळे, झुडपातून चोरासारखी चाल. सकाळी दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. बुलबुलाच्या पिल्लांचं मत वेगळं असेल, कारण तो घरट्यांतली अंडी-पिल्लं, सरडे, गोगलगायी सगळं खातो. एवढासा जीव आणि केवढा आवाज असं वाटलं तर तो शिंपी. पहाटे अंधार असतानाच उंच टोकावरून लांबलचक शीळ घालतो तो दयाळ, काळा-पांढरा, शेपटी वर. कलकलाट करत सहा-आठ जण एकत्र जमिनीवर उड्या मारतात ते सातभाई.

सातभाईंचा आणखी एक उपयोग. त्यांचा रोजचा कलकलाट आणि धोक्याचा कलकलाट यातला फरक महिन्याभरात कळायला लागतो. धोक्याचा असेल तर सगळे एकाच जागेकडे तोंड करून ओरडतात, खारही शेपटी झटकत ‘चिक चिक’ करते. तिथे मांजर असतं, शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) असतो किंवा साप. आमच्याकडे निघालेल्या प्रत्येक सापाची वर्दी आधी त्यांनीच दिली आहे.

मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. कामाचं आहे, पण पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नका. मागे रिक्षा चालू असेल, शेजारी मिक्सर फिरत असेल, तर ते हिमालयातलाही पक्षी तुमच्या पेरूवर बसवतं. नाव सुचवलं की तो पक्षी डोळ्यांनी बघा, मगच वहीत लिहा. आणि पक्षी जवळ यावा म्हणून त्याचाच आवाज स्पीकरवर लावू नका. आपल्या हद्दीत परका नर घुसला असं समजून तो घरटं, पिल्लं सोडून भांडायला येतो.

रंगावर गेलात तर फसाल, याची तीन उदाहरणं देते. कोकिळेची मादी काळी नसते. ती तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली असते आणि गाते तो नर. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम संपला की मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. मी दोन वर्षं त्याला वेगळाच पक्षी समजत होते. आणि वेडा राघू हा पोपट नव्हे. तो तारेवर बसून हवेत माश्या-मधमाश्या टिपणारा हिरवा, बारीक पक्षी.

नावांचाही घोळ आहे. भारद्वाजालाच कुणी कुंभारकावळा म्हणतं, साळुंकीला कुणी मैना म्हणतं. काकूंचं नाव, ॲपमधलं नाव आणि माझं नाव जुळेना म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता केला. तुम्हीही करा, आणि नोंद करताना एकच नाव धरून ठेवा.

४. नाशिकचं वर्ष वहीत बसवा

रोजच्या नोंदीत चारच गोष्टी: तारीख-वेळ, हवा, कोण, काय करत होता. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ‘बुलबुल दिसला’ याला अर्थ नाही. ‘बुलबुल चोचीत काडी घेऊन कढीपत्त्यात गेला’ याला आहे. एक वर्ष झालं की बागेचं पंचांग आपोआप तयार होतं. माझं साधारण असं आहे.

सप्टेंबर सरता सरता गच्चीवर धोबी पक्षी येतो, शेपटी वरखाली हलवत तुरूतुरू चालणारा. तो आला की पाहुण्यांचा मोसम सुरू. ऑक्टोबरात कृष्ण थिरथिरा, काळपट अंग आणि सतत थरथरणारी विटकरी शेपटी. कंपाउंडच्या त्याच खांबावर तो मार्चपर्यंत बसतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत पहाटे बसण्यात अर्थ नाही. ऊन झाडाच्या शेंड्याला लागेपर्यंत पक्षी फुगून बसलेले असतात. तेव्हा आठला बसा.

फेब्रुवारी-मार्च हा आमच्याकडचा जत्रेचा काळ. पांगारा फुलला की शिंजीर, कोतवाल, साळुंक्या, हळद्या, बुलबुल, खारी, सगळे एकाच झाडावर. भोरड्यांचा थवा आला तर गुलाबी-काळ्या पक्ष्यांनी फांदी वाकते आणि आवाजाने फोनवर बोलता येत नाही. त्या पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडून हिवाळ्यात येतात आणि एप्रिलपर्यंत परत फिरतात. फेब्रुवारीतच ‘बॅकयार्ड बर्ड काउंट’ नावाची चार दिवसांची जागतिक पक्षिगणना असते. आपल्या अंगणात किमान १५ मिनिटं बसून मोजायचं आणि यादी ई-बर्डवर टाकायची. पहिली यादी टाकायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही. नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखांना राज्यात पक्षी सप्ताह असतो, लेखक मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. त्या दिवसांत सोबतीने बाहेर पडणारे गट भेटतात. नांदूर मध्यमेश्वरला जायचं तर तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत जा. निफाड तालुक्यातलं हे धरण २०२० मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. पण ते पाणपक्ष्यांचं ठिकाण, तिथली यादी आणि आपल्या बागेची यादी यांत फारच थोडी नावं सारखी निघतात.

मार्च ते जून कोकीळ आणि पावशा. पावशाचं ‘पेरते व्हा’ तापाच्या भ्रमात ऐकल्यासारखं चढत जातं. कावळ्याची घरटी याच काळात असतात आणि कोकिळा त्यांतच अंडी घालते. म्हणून मे महिन्यात नर कोकीळ कावळ्यासमोर मुद्दाम मिरवताना आणि कावळे त्याला पिटाळताना दिसले, तर मादी कुठे आहे ते शोधा. जूनच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटून ती हजारोंनी वर उडते. त्या दिवशी दिवे बंद ठेवून ओट्यावर बसा. कोतवाल, साळुंक्या, पाली, बेडूक, अंधार पडल्यावर पिंगळे, सगळ्यांचं एकच ताट. अशाच एका जूनमध्ये पेरूखाली नवरंग पक्षी उतरला होता. दोन दिवस राहिला. पुन्हा आला नाही.

५. पाणी ठेवा, पण डासांची शाळा उघडू नका

दाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं, विशेषतः मार्च ते जून. परळ उथळ हवं, काठाशी इंचभर, मध्ये जास्तीत जास्त दोन इंच. प्लॅस्टिकचा गुळगुळीत टब नको. पाय घसरतात आणि पिल्लं बुडतात. खोल भांडंच असेल तर मध्ये एक दगड ठेवा. एक परळ जमिनीवर, एक कमरेएवढ्या उंचीवर. सावली हवी, जवळ बसायला फांदी हवी, पण लपून बसलेल्या मांजराला एका झेपेत गाठता येईल इतकं झुडूप जवळ नको. पाच-सहा फूट मोकळे ठेवा.

पाणी रोज बदला, परळ दर दोन दिवसांनी काथ्याने घासा. साबण नको. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडायला लागतो. त्यामुळे आठवडाभर गावाला जाणार असाल तर परळ पालथं घालून जा. आमच्याकडे एकदा राहून गेलं आणि परत आल्यावर त्यात वळवळ दिसली. त्या दिवसापासून परळाची जबाबदारी मुलाकडे, आणि तो माझ्यापेक्षा नेमका आहे.

६. दाणे: थोडे किंवा नाहीच

गच्चीवर मूठभर ज्वारी टाकलीत की पहिल्या दिवशी चिमण्या येतील, आठव्या दिवशी पारवे, महिन्याभरात फक्त पारवे. त्यांची वाळलेली शीट श्वासातून जाऊन फुप्फुसांचा आजार होतो, घरात दम्याचं माणूस असेल तर हा खेळ नकोच. घालायचेच असतील तर बाजरी किंवा तांदळाची कणी, अगदी थोडी, लहान तोंडाच्या टांगत्या भांड्यात, म्हणजे पारव्याला बसता येणार नाही. उरलेली पोळी, ब्रेड, शेव, आणि हो, नाशिकचा चिवडासुद्धा नको. मीठ आणि तेल त्यांना झेपत नाही.

त्यापेक्षा एक तुती आणि एक सिंगापूर चेरी लावा. दोन वर्षांत फळायला लागतात.

चिमणीसाठी लाकडी खोका लावणार असाल तर भोक ३२ मिलिमीटरचं, खोका आठ-दहा फुटांवर, पश्चिमेचं ऊन येणार नाही असा, आणि भोकाखाली बसायची काडी नको. ती काडी कावळ्याच्या सोयीची असते. चिमणीच्या घरट्यांची ही चळवळ मुळात नाशिकचीच. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो, तो इथल्या महंमद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकारातून. खोका लावून वर्षभर कुणी आलं नाही तर काढू नका, जागा बदला. मी तो तोडलेला पांगाऱ्याचा ओंडका अपराधीपणाने मागच्या खांबाला उभा बांधून ठेवला होता. तांबट काही फिरकला नाही. तिसऱ्या वर्षी चिमण्यांनी घेतला.

७. घरटं सापडलं तर

सापडेलच. बुलबुल तर कुंडीतल्या शोभेच्या झाडात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर घरटं करतो. शिंजीर कोळ्याच्या जाळ्यात पानाचे-सालीचे तुकडे गुंफून पिशवीसारखं घरटं टांगतो, ते कधीकधी दाराच्या दिव्याच्या वायरीलासुद्धा. कचरा लटकलाय असं वाटून झाडू फिरवला जातो. दिवाळीच्या साफसफाईआधी घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या ताईंनाही, असं एक घरटं दाखवून ठेवा.

नियम साधा: लांबून बघा, दिवसातून एकदा, मिनिटभर. पानं बाजूला सारून फोटो काढलात तर तीच वाट कावळा आणि भारद्वाज बघून ठेवतात. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लं पुढच्या जेमतेम दोन आठवड्यांत उडतात. तेवढे दिवस ती कुंडी हलवू नका. पाणी नळीने नको, तांब्याने घाला.

सगळ्यात जास्त चुका पिल्लांच्या बाबतीत होतात. जमिनीवर पिल्लू दिसलं की आपला जीव कळवळतो आणि ते उचलून घरात आणलं जातं. आधी अंगावर पिसं आहेत का बघा. पिसं आली आहेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उडी मारतंय, तर ते हरवलेलं नाही. ते उडायला शिकतंय आणि आईबाप वरून बघतायत. कुत्रं-मांजर आत घ्या आणि पिल्लू जवळच्या झुडपावर ठेवा. उघडंबोडकं असेल तर अलगद परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते हे खरं नाही. दूध, भात, बिस्किट भरवू नका.

आणि पोपटाचं पिल्लू सापडलं म्हणून पिंजरा आणू नका. आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

८. छाटायचंच असेल तर: महिना आणि कागद

छाटणीचा योग्य काळ ऑक्टोबर अखेर ते जानेवारीचा मध्य. सगळेजण ती मेमध्ये करतात, पावसाआधी म्हणून, आणि नेमकी तेव्हाच झाडं घरट्यांनी भरलेली असतात. धोकादायक फांदी हिवाळ्यातच हेरून ठेवा. कापण्यापूर्वी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ती फांदी बघा. वाळकी फांदी घरावर, तारांवर किंवा रस्त्यावर पडणार नसेल तर राहू द्या. तांबट आणि सुतारपक्षी ढोली कोरायला वाळकं लाकूडच शोधतात.

स्वतःच्या अंगणातलं असलं तरी झाड तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून जास्त संरक्षण आहे. मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारा. देवळाली कॅम्पात असाल तर कटक मंडळात (कॅन्टोन्मेंट बोर्डात). मी चिंचेच्या एका फांदीसाठी गेले तेव्हा ही कागदं नेली होती:

- साधा अर्ज, त्यात झाडाचं नाव, अंदाजे वय, खोडाचा घेर आणि कारण
- मालकीचा पुरावा (सिटी सर्व्हे उतारा) आणि घरपट्टीची चालू पावती
- आधार कार्डाची प्रत
- संपूर्ण झाडाचा एक आणि धोकादायक भागाचा एक फोटो
- आवाराचा नकाशा, झाडावर खूण करून

भाडेकरू असाल तर मालकाचं संमतिपत्र आणि सोसायटी असेल तर ठरावाची प्रत जोडा. मी फक्त फांदीचे फोटो नेले होते, पूर्ण झाडाचा नव्हता, म्हणून एक फेरी जास्त झाली. “परवानगी मी बघतो” म्हणणाऱ्या झाडतोड्याच्या भरवशावर राहू नका. दंड मालकाच्या नावे येतो.

९. जमिनीवरचे आणि रात्रीचे

बाग जुनी म्हणजे साप असणारच. त्यातले बहुतेक बिनविषारी: धामण, कवड्या, तस्कर, दिवड. विषारी चार लक्षात ठेवायचे, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पण ओळखायच्या नादात जवळ जाऊ नका. कवड्या आणि मण्यार यांत भलेभले फसतात. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारचे बरोबर उलट. हे बघायला जेवढं जवळ जावं लागतं, तेवढं जाणं शहाणपणाचं नाही. साप मोकळ्या बागेत असेल तर लांब उभे राहा, जाऊ द्या. घरात किंवा घराला लागून असेल तर नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. चावला तर बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. माणसाला हलू न देता थेट सरकारी दवाखाना, १०८ ला फोन. रात्री बागेत टॉर्चशिवाय आणि चपलेशिवाय पाऊल टाकू नका. सापांची ये-जा कमी करायची तर विटांचे ढीग आणि सांडलेलं धान्य हलवा, म्हणजे उंदीर हलतात.

उंदरांसाठी विष मात्र नको. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबड खातं आणि तेही जातं. आमच्या माळ्यावर एक जोडी होती. रात्री कुणीतरी खरखर श्वास घेतंय असा आवाज येतो, पिल्लं भूक लागली की तसा काढतात. सासूबाई आधी शांतीची पूजा करायला निघाल्या होत्या. त्यांना सकाळी घुबडांनी ओकलेले उंदरांच्या केसा-हाडांचे गोळे दाखवले. मोजले, आणि विषय संपला.

कौलांवर रात्री धावपळ आणि सकाळी भिंतीवर बियांनी भरलेली विष्ठा असेल तर ते उदमांजर. निरुपद्रवी. पेरू खातं. मुंगसाचं तेच, फक्त कोंबड्या असतील तर खुराडं पक्कं हवं. वटवाघळं उंबरं आणि बदाम चघळून चोथा टाकतात, तेव्हा गाडी त्या झाडाखाली लावू नका. अर्धवट खाल्लेलं फळ धुऊन-कापूनही खाऊ नका, टाकून द्या.

बिबट्या नाशिकला नवा नाही. गोदावरी, दारणा, कादवाकाठच्या उसातून तो वस्तीपर्यंत येतो, शहरातही आला आहे. खरकटं आणि त्यामागे येणारी कुत्री हे त्याचं मोठं आमंत्रण, म्हणून कचरा उघडा नको आणि पाळीव कुत्रं रात्री घरात. दिसलाच तर दार लावा, १९२६ किंवा पोलिसांना कळवा, आणि व्हिडिओसाठी बाहेर जमणाऱ्या गर्दीत जाऊ नका. घाबरलेला बिबट्या गर्दीतूनच वाट काढतो.

१०. संक्रांतीनंतरचा महिना

हे कुणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहिते. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, पण संक्रांतीला आकाश बघितलंत तर तसं वाटणार नाही. पतंग दोन दिवसांत संपतो, मांजा झाडांत महिनोन्‌महिने राहतो. कुजत नाही. १४ जानेवारीनंतरचे चारही रविवार आकडीचा बांबू घेऊन प्रत्येक झाडाखाली फिरा. ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर, तेव्हाच धागा चमकून दिसतो. हातात जाड मोजे घाला. काढलेला मांजा तसाच कचऱ्यात टाकला तर कचराकुंडीवर घारींच्या आणि गाईंच्या पायात जातो, म्हणून कात्रीने बोटभर तुकडे करा, बाटलीत भरा, झाकण लावा, मग टाका.

अडकलेला पक्षी मिळाला तर मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. पंखात रुतलेला भाग तसाच राहू द्या. पक्षी फडक्यात गुंडाळून खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि १९२६ ला फोन करा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. खोका दर पाच मिनिटांनी उघडून बघायचा मोह होतो. मुलांना आधीच सांगून ठेवा.

पहिल्या वर्षी आमच्या उंबरातून निघालेला मांजा दोन लिटरच्या बाटलीत मावला नव्हता. यंदा अर्धी बाटली भरली, आणि चिंचेच्या शेंड्याला एक लांब दोर अजून आहे. तिथवर बांबू पोचत नाही.